साकू

१४ मे १९८६, बुधवार. किनवटच्या पुढचा डोंगर

"साकू म्हनलं की थांबायचं असतं, माय!" लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाई, माझ्या सासूबाई, मला म्हणाल्या होत्या.

मी मुरुडची. सासर शिरूर अनंतपाळचं, पण आत्याबाईंचं माहेर कर्नाटकातलं, त्यामुळे घरात निम्मं कानडी. मामंजींच्या ताटात तूप वाढत होते. ते "साकू, साकू" म्हणत होते. मला वाटलं, साकू नावाच्या कुणाला तरी हाक मारतायत! मी वाढतच राहिले. तूप ताटातून पाटावर आलं तेव्हा आत्याबाई ओरडल्या. साकू म्हणजे पुरे. माझा पहिला कानडी शब्द.

आज इथे जीपमधून उतरल्या उतरल्या पुन्हा ऐकला. वनरक्षक भुजंग पाण्याचं सांगत होता — एका राहुटीला दिवसाला एक घागर, टाकीतली. "खालचा झरा जनावरांचा हाय, बाई. यंदा त्यान्लाच पुरंना. तिथं तांब्या बुडवायचा न्हाई."

आत्याबाई लगेच, "साकू की! दोघीला घागर म्हंजे लई झालं."

दुसरं कुणीही नाही इथे. आमची एक राहुटी, भुजंगची खोपी, पानं झडलेले साग. अंग दुखतंय. झोपते.

१५ मे

आत्याबाई राहुटीभोवती दोनदा फिरून आल्या. "हे कसलं घर! कडी न्हाई, उंबरा न्हाई. रुसून जायचं म्हनलं तर मानसानं कुठनं जावं?"

सिंधू — शाळेतली माझी मैत्रीण, तिच्याच ओळखीने इथली परवानगी मिळाली — विचारत होती, अडुसष्ट वर्षांच्या सासूला जंगलात कशाला नेतेस? मी नेलं नाही. त्यांनीच मागितलं. "लगीन होऊन शिरूर. तिथून लातूर. आता अहमदपूर. मधी एकदा कुठंतरी बिनकामाचं ऱ्हाऊ की."

अहमदपूर रविवारी. धाकटे दीर, मन्मथभावजी, नांदेडच्या स्टँडवर येणार आणि आत्याबाईंना तिथूनच घेऊन जाणार. कायमचं. भावजींच्या बोअरला अजून पाणी आहे. आमचं लातूर चार वर्षांपूर्वी जिल्हा झालं — कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या, नळ मात्र आठवड्यातून एकदा. त्यामुळे कुणालाही पटावं असंच आहे सगळं. मार्चमध्ये आत्याबाई स्वतःच म्हणाल्या, "साकू झालं लातूर."

हे गेल्यापासून आम्ही दोघीच. माझं काय चुकलं, कशाला कंटाळल्या, मी विचारलं नाही. राग आला होता. आणि — कागदापासून काय लपवायचं — आतली खोली मोकळी होईल, स्वयंपाकघरात बसून लिहावं लागणार नाही, टेबल खिडकीपाशी घेता येईल, हेही मनात आलं होतं. बरंही वाटलं होतं.

१६ मे

सकाळी आत्याबाई दगडावर पूजेला बसल्या. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, वर चारच थेंब पाणी. घरी चांगली वाटीभर लागते. भुजंग लांबून म्हणाला, "आजी, देवालाबी रेशन लावलं का?"

"देव माझ्याच गळ्यात ऱ्हातो, बाबा. घागरीत किती हाय ते त्याला ठावं हाय."

भुजंग दिवसभर हसत होता. मला विचारून गेला, "तुमच्या मातोश्री का?" मी हो म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी बघते तर घागर निम्मी भरलेली! लातूरला सुद्धा महिन्यात जमलं नव्हतं — मी केस धुतले. आत्याबाईंनीच तांब्याने पाणी घातलं. वाऱ्यात केस मोकळे सोडून खडकावर बसले. पंचेचाळिसाव्या वर्षी! फार बरं वाटलं.

१७ मे

आज दुपारी घडलं ते नीट लिहून ठेवते.

खडकाच्या सावलीतून खालचा झरा दिसतो. झरा कसला, परातीएवढं डबकं. वानरं पिऊन गेली की रोही, म्हणजे नीलगाई, येतात. रोह्यांची एक मादी आली होती, मागे पिल्लू. आत्याबाई म्हणाल्या, थोडं पाणी दे. त्यांनी ओंजळ धरली, मी तांब्या कलता केला. दोन घोट झाले. "साकू."

माझं लक्ष खाली होतं. पिल्लू आईला ढुशी देऊन पुढे घुसत होतं. हात तसाच राहिला, धार चालूच. भानावर आले तर आत्याबाई पीतच होत्या. डोळे मिटून, घटाघटा. ओंजळ त्यांनी काढली नाही. सगळा तांब्या रिकामा झाला.

मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "नव्या नवरीवानीच करायलीस बघ! साकू म्हनलं न्हवं मी?"

"तहान होती की तुम्हाला."

"व्हती."

"मग साकू कशाला म्हणालात?"

"तुला केस धुवायचे व्हते न्हाई का." जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं!

"ते काल झाले धुवून."

"आज भांग तरी ओला करशील म्हनलं." आणि रोह्यांकडे बोट करून, "बघ, बघ, पिल्लू पाण्यात बसलं!"

मी बघितलं नाही. त्यांचे ओठ बघत होते. दोन्ही कडांना चिरले होते. इथे येऊन चार दिवस झाले, मी आज पाहिले.

१८ मे, सकाळ

जीपचा आवाज घाटात येतोय. आत्याबाई पिशवीची गाठ मारून तयार बसल्यात.

मार्चमध्ये त्या साकू म्हणाल्या आणि मी लगेच हात थांबवला. तहान आहे का, विचारलंच नाही.

आता विचारणार आहे. नाही म्हणतील. मन्मथभावजींना शब्द दिलाय, आणि दिलेला शब्द त्या फिरवत नाहीत. साकू म्हणतील. तरी मला कानडी येत नाही असं धरून चालणार — आत्याबाई, अहमदपूरला जाऊ नका. माझ्याबरोबर लातूरला चला ना.