अष्टमीची खूण

जितेश,

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आपण ज्या धरमतरच्या जेटीवर आलो, तिथेच मी अजून नोकरी करते. यंदा कंपनीने पुन्हा दोन विद्यार्थी घेतलेत, आदर्श आणि पारी. कामही आपलंच जुनं, बार्जसाठी खाडीचं पाणी मोजणारी पेटी खांबावर बसवायची.

काल अष्टमी होती. भरतीलाही पाणी जेमतेम चढलं. आदर्शने त्या पाण्याच्या हातभर वर पेटीची खूण केली. तूही अगदी तशीच केली होतीस. पौर्णिमेच्या उधाणात आपली पेटी बुडाली, सगळा दोष तू स्वतःवर घेतलास. मग कंपनीने मला ठेवून घेतलं आणि तू रोह्याला परत गेलास.

पारी खाडीकाठची आहे. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "पारी गो, पेटी बुडेल ना!"

ती हळूच म्हणाली, "ठाव हाय, मॅडम. त्याला नका सांगू. बुडली तर आमा दोघांना परत यावं लागंल."

मीही खाडीकाठचीच, जितेश. मलाही तेव्हा ठाऊक होतं. एवढं लिहायला दहा वर्षं लागली, आणि पत्र तर मी पाठवणारच नाही.

मी आदर्शला हाक मारली आणि खूण वर घ्यायला लावली. पारी दिवसभर माझ्यावर फुगून होती. संध्याकाळी निघताना आदर्शच तिला म्हणाला, "पौर्णिमेला येऊ या ना, उधाण बघायला."

आपल्यालाही पेटी बुडवायची गरज नव्हती, नाही रे?

तुझी प्रोजेक्टमधली जोडीदार,
नूतन