ओळीवरचं बोट

७ जुलै, सोमवार

शाळा सुटल्यावर वर्गाच्या बाईंनी थांबवून घेतलं. बाकीच्या आया गेटपाशी उभ्या, त्यामुळे माझे कान आधीच गरम. बाई म्हणाल्या, "समृद्धीला वाचता येत नाही." मला हसूच आलं. म्हटलं, बाई, तुमचा नावात घोळ होतोय. आमची समू दुसरीच्या पुस्तकातले पहिले चार धडे घडाघडा वाचते, ओळीवर बोट ठेवून.  बाईंनी फळ्यावर तिच्याच धड्यातली तीन वाक्यं लिहिली, फक्त मागची पुढे आणि पुढची मागे. समूनं फळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बुटांकडे.

घरी येऊन खात्री केली. पुस्तक मुद्दाम भलत्याच पानावर उघडून दिलं. तिनं बोट ठेवलं आणि पहिला धडा सुरू केला. वाक्य संपलं की थांबणार, प्रश्न आला की आवाज चढवणार, ओळ संपली की बोट खाली आणणार. सगळं बरोबर. पान तेवढं दुसरं होतं.

दीड वर्ष मी ह्याला वाचन समजत होते.

८ जुलै, मंगळवार

हे कुणी केलं ते शोधायला लांब जावं लागलं नाही. मीच केलं. मी मशीनवर ब्लाऊज शिवत असते, समू खाली पाटावर. मी एक ओळ म्हणायची, मागून तिनं म्हणायची, बोट पुस्तकावर. माझे हात मोकळे नसतात, करणार काय. रविवारी मंदिरातल्या पाठशाळेतही तेच. ताई म्हणतात, पोरं म्हणतात. त्यात आमची पहिली. जी स्तोत्रं मला बघूनही धड म्हणता येत नाहीत ती हिला तोंडपाठ. बक्षिसाचे स्टीलचे डबे कपाटात मावेनात, म्हणून मी त्यात हुक आणि बटणं ठेवते.

ह्यांना सांगितलं. कागलच्या एमआयडीसीतून शिफ्ट करून आले होते, ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मी बी दुसरीत ढच हुतो की. काय आडलं का माझं?"

काय काय अडलं ते मी सांगत बसले नाही.

११ जुलै, शुक्रवार

कटिंगच्या खाकी कागदाची अक्षरं कापली. एकेक अक्षर ब्लाऊजच्या गळ्याएवढं. क, म, ल, न आली. काना दिला तरी आली. वेलांटी दिली आणि सगळं कोसळलं, मग क सुद्धा ओळखेना. पाच मिनिटांपूर्वीचा क.

स्वतःचं नाव लिहिताना निम्म्यातच अडते. बारशाला किती मिरवलं होतं मी ते नाव. कमल ठेवलं असतं तर निदान नाव तरी आलं असतं पोरीला.

१६ जुलै, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नंबर नाही. मला मनातून वाटत होतं, निघावा. चष्म्यावर भागलं असतं. घरी आल्यावर माझा चेहरा बघून सासूबाई म्हणाल्या, "डोळं चांगलं निघालं म्हनून त्वांड पाडून बसलीयास व्हय?" त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांना सही येते, वाचता येत नाही. त्यांचंही सगळं तोंडपाठ. त्यामुळे नातीचं काय अडलंय तेच त्यांना कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही नीट कळत नाही. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे. वाचायला कधी शिकले ते आठवतसुद्धा नाही, मग शिकवू कशी?

२० जुलै, रविवार

आजपासून पाठशाळा बंद. मी ठरवलं. पाठांतराची सवय सुटल्याशिवाय ही पानाकडे बघायचीच नाही. समू आंघोळ करून, पांढरा फ्रॉक घालून दाराशी उभी होती. म्हटलं, चप्पल काढ.

 दुपारी आत्या एकदम, भांडी घासता घासता: "लेकराचं एक चांगलं हाय, त्येबी काढून घेतलंस."

मी म्हटलं, महिनाभरच.

२९ जुलै, मंगळवार

बाई चांगल्या आहेत. वर्गात बेचाळीस पोरं, तरी मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा बाजूला ठेवून समूला जवळ बसवतात. मुलाला वाचनाचीच काही अडचण आहे का हे बघतात, त्या तपासणीचं विचारलं. आठ पूर्ण झाल्याशिवाय नक्की काही सांगत नाहीत म्हणे. समूला आठ फेब्रुवारीत. तोवर काय करायचं? "घरी रोज पंधरा मिनिटं बसा. न रागावता." न रागावता हे त्या दोनदा म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या असतील.

३ ऑगस्ट, रविवार

रोज संध्याकाळी पाच वाजता समूच्या पोटात दुखतं. पावणेपाचला नाही, पाचलाच.

एक शब्द बरोबर आला की माझा जीव सुपाएवढा होतो आणि लगेच शंका येते. मग विचारते, "हे वाचलंस का पाठ म्हटलंस?" आज तिनं उलट विचारलं, "काय म्हणू?"

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन ओळी झाल्या. ठीक.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ओळ चुकू नये म्हणून ओळीखाली लाकडी पट्टी धरते. आज पट्टी उचलली तर तिचे दोन्ही हात फ्रॉकखाली. म्हटलं, बोट ठेव. नाही ठेवलं. पट्टीशिवाय बसलो. पाच शब्द, त्यातला एक आला. तोही चित्र बघून.

उद्या झेंडावंदन. दरवर्षी भाषण असतं तिचं. यंदा बाईंनी विचारलं तर मीच नको म्हणून कळवलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

शु.ले. च्या वहीवर बाईंचा शेरा: अक्षर सुंदर. बघून लिहायला सांगितलं की पानभर लिहिते, अगदी माझ्या वळणाचं. काय लिहिलंस विचारलं की गप्प. पॅटर्न ठेवून कापडावर खडूची रेघ मारतात ना, तसं. रेघ बरोबर येते, पण ती बाही आहे का पाठ, हे खडूला कुठं ठाऊक असतं.

त्याच वहीत मागच्या पानावर मी सांगितलेले दहा शब्द, न बघता लिहिलेले. एकही नाही. सातव्यानंतर तिनं नुसत्या उभ्या रेघा मारल्यात आणि वर व्यवस्थित शिरोरेषा दिलीय.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पर्युषण सुरू झालं. शेवटी मुलांचा कार्यक्रम असतो. पाठशाळेच्या ताई घरी आल्या, समूशिवाय कसं व्हायचं म्हणाल्या. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी हो म्हणाले. मलाही बघायचंच होतं तिला तिथं उभी राहिलेली. घरात महिनाभर कुणाचंच काही बरं चाललेलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

झालं ते लिहून टाकते.

मंडप भरलेला. समू पांढऱ्या फ्रॉकमध्ये, हातात पुस्तक, कारण सगळी पोरं पुस्तक धरूनच म्हणतात. ताईंनी माईक खाली केला. दोन ओळी खणखणीत म्हटल्या तिनं. आत्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले. तिसऱ्या ओळीला ती थांबली. विसरली नव्हती, मला तिचं विसरणं माहीत आहे. तिनं गर्दीत मला शोधलं, आणि पुस्तक मिटून माईकमध्ये म्हणाली, "ह्ये मी वाचत न्हाय. पाठ हाय. मला वाचाया येत न्हाय."

लोक हसले. वाईट मनानं नाही, लाडानं हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. स्टीलचा डबा मिळाला तो मिळालाच.

वाटेत आत्या एवढंच म्हणाल्या, "कुणी इचारलं हुतं का तिला?" मी विचारलं होतं. महिनाभर रोज, पाच वाजता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आता ती काहीच म्हणत नाही. आधी मशीनखाली चिंध्यांशी खेळताना सारखं काहीतरी चालू असायचं तोंडात, पाढे, स्तोत्र, टीव्हीवरची जाहिरात. मीच कावायचे, जरा गप्प बस म्हणून. आता मशीन थांबलं की घर ऐकू येतं.

रविवारी पाठशाळेला जा म्हटलं. "नको. ते खोटं असतंय."

ते खोटं नसतं गं, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सत्र संपलं. बाईंनी तक्ता दाखवला. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा असे चार रकाने. जूनमध्ये समू अक्षराच्या रकान्यात. आजही तिथंच. गेटवर बसणाऱ्या भाजीवालीचा मुलगा, जो जूनमध्ये हिच्या शेजारी होता, तो वाक्यावर गेलाय. मला त्याचा राग आला. सात वर्षांच्या पोराचा.

बाई म्हणाल्या, "समृद्धी हल्ली वर्गात बोलतच नाही. कविता म्हणायला पहिली उठायची." मी मोठ्या विश्वासानं सांगितलं, पाठांतर पूर्ण बंद केलंय बाई, तुम्ही म्हणालात तेव्हापासून.

त्यावर बाई म्हणाल्या, "मी वाचून घ्या म्हणाले होते. पाठांतर बंद करा असं मी नव्हते म्हणाले."

खरंच नव्हत्या म्हणाल्या. आधीची पानं चाळून बघितली. तिथं माझ्याच अक्षरात आहे: मी ठरवलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीचे ब्लाऊज. बसणं नाही, वाचन नाही. समूच्या पोटात पाच दिवस दुखलेलं नाही.

गृ.पा. तसाच पडलाय. ह्यांनी तिला आकाशकंदिलाच्या काड्या बांधायला घेतलं. चांगल्या बांधते. हे म्हणाले, "बघ, हातात कला हाय. र्‍हाऊ दे की जरा." मी म्हटलं, कंदिलावर जन्म काढणार का ती?  कंदील तेवढा चांगला झाला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

भाऊबीज झाली, मशीनला आज सुट्टी. दुपारी वरून वाळलेले कपडे घेऊन खाली आले तर आतून समूचा आवाज. वाचनाचा आवाज. दीड महिन्यानं. मी दाराबाहेरच थांबले.

आत्या भिंतीला टेकून बसलेल्या, समू त्यांच्या मांडीला चिकटून, आणि पुढ्यात वही. ही वही. कटिंगच्या टेबलावर राहिली होती माझ्याकडून. बोट पहिल्या ओळीवर.

"आज समूचे वाचन झाले नाही. समू शब्द विसरली. मम्मीने पट्टीने समूच्या बोटांवर मारले. दोनदा मारले. मग मम्मी मशीनवर बसली. मशीन चालू होते पण कापड नव्हते. मम्मी रडत होती. समूने कुणाला सांगितले नाही."

प्रत्येक वाक्याला थांबत होती. शेवटची ओळ संपल्यावर बोट खाली आलं आणि तिनं पान उलटलं.

मी आत जाऊन ते पान परत उलटून बघितलं. १२ ऑगस्टचं पान होतं. त्यावर मी लिहिलंय, दोन ओळी झाल्या, ठीक. पान नेमकं तेच कसं निघालं देव जाणे. तिला तर आकडाही कळला नसणार. आणि फक्त त्याच दिवशी मारलं असतं तर मी त्याला योगायोग म्हटलं असतं, पण त्या महिन्यातलं दुसरं कुठलं पान निघालं असतं तरी ते जुळलंच असतं. १४ तारखेला ती हात का लपवत होती, हेही मी लिहिलेलं नाही. ही वही बाईंना दाखवायची नाही, ह्यांना नाही, कुणालाच नाही. तरी लिहिलं नाही.

आत्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "व्हय गं? असं लिवलंयस?"

समू वहीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी फळ्यासमोरून बघितलं होतं तशी. नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा एकदा खोटी पडली असती.

"व्हय," मी म्हटलं. "तसंच लिवलंय."

 आत्या तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "मग वाचतीय की पोरगी."

आत्ता साडेचार वाजलेत. समू बाहेर विझलेल्या फटाक्यांची दारू गोळा करतेय. तिनं वाचलं ते मी शब्दाला शब्द खाली उतरवलं आहे, मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. पट्टी अजून टेबलावरच आहे. कामाची आहे, टाकता येत नाही.

आज समूचे वाचन झाले नाही.
समू शब्द विसरली.
मम्मीने पट्टीने समूच्या बोटांवर मारले.
दोनदा मारले.
मग मम्मी मशीनवर बसली.
मशीन चालू होते पण कापड नव्हते.
मम्मी रडत होती.
समूने कुणाला सांगितले नाही.

हे पान तिच्यापुढे ठेवायचं की फाडायचं, ठरत नाही. ठेवलं तर ती बोट ठेवेल आणि एकही शब्द न चुकता म्हणेल. वाचलं का पाठ म्हटलं, ते मला कळणार नाही, आणि आता विचारायची सोयही राहिलेली नाही.