साहेबांचं कुत्रं घरी एकटं राहायला शिकलं त्याची हकिकत

तांडापेठ, नागपूर
रविवार, ७ जानेवारी १९७९

ती. अनुसयाबाईस,

धाकट्या भावाचा, जागेश्वरचा, तुझ्या पायांवर डोकं ठेवून (आणि तू कान पिळशील म्हणून लगेच उचलून) नमस्कार. इकडे आम्ही खाऊनपिऊन बरे आहोत. तुझे गुडघे, नत्थूजी भाऊजींचा खोकला आणि तुमची काळी म्हैस, तिघांच्याही तब्येती उमरेडच्या थंडीत टिकून असतील अशी आशा करतो. भाऊजींना म्हणावं, मफलर काढू नका. काढलाच तर निदान तुझ्यासमोर काढू नका.

तुझं पत्र दिवाळीच्या सुमारास पोचलं. उत्तराला उशीर झाला त्याला कारण तूच आहेस. तू लिहिलं होतंस, "कुत्रं रडते तं प्रेमिलाले नोकरी सोडाले सांग, मास्तरीण होऊन कोन्ते दिवे लावून राह्यली," आणि हे वाक्य मी पुढचं काय आहे ते न बघता मोठ्याने वाचलं. पत्र आधी मनात वाचावं एवढी साधी अक्कल मला सरकारी नोकरीत राहूनही आली नाही. त्यानंतर बरेच दिवस घरात माझ्याशी फक्त ते कुत्रं, म्हणजे प्रिन्स, बोलत होता. तेव्हा तुझं मत बनण्याआधी (ते बनलेलं आहे हे मला माहीत आहे) सगळी हकिकत पहिल्यापासून ऐक.

आमच्या ऑफिसातले मोठे इंजिनेरसाहेब पावसाळ्याच्या तोंडी मुंबईला बदलून गेले. निरोप समारंभ झाला. भाषणं अशी झाली की साहेब मुंबईला चालले आहेत की लढाईवर, हे कळेना. आमचे बडेबाबू दत्तोपंत तर म्हणाले, साहेब, आपण नुसता शब्द टाका, हा दत्तोपंत रक्त सांडेल. साहेबांना गहिवरून आलं. ते उभे राहिले आणि म्हणाले की रक्त नको, पण मुंबईच्या क्वार्टरमध्ये कुत्रं ठेवू देत नाहीत, तर माझा प्रिन्स कोणी सांभाळेल का? मग सगळा हॉल वर पंख्याकडे बघू लागला. दत्तोपंत वाकून बुटाची नाडी बांधू लागले (त्यांच्या पायात चपला होत्या). आणि नेमका त्याच वेळी मी आलुबोंड्याची दुसरी बशी घ्यायला उभा राहिलो होतो. साहेबांनी मला मिठीच मारली. "वा जागेश्वर! मला ठाऊकच होतं!" तोंडात अख्खा बोंडा असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. अशा रीतीने वासराएवढा अल्सेशियन आपल्या कोष्ट्याच्या घरात आला.

आता बंगल्यावर या प्रिन्सची तऱ्हा अशी होती की तो जन्मात कधी एकटा राहिलेला नव्हता. साहेब ऑफिसात, बाईसाहेब भिशीत, तरी एक चपराशी खास त्याच्याजवळ बसलेला. (त्या चपराशाची नेमणूक पाण्याचे पंप बघायला होती. पंप एकटे राहायचे.) आणि आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओसरी. एका बाजूला पार्वतीबाई, दुसऱ्या बाजूला धोंडबाचा माग, वर घरमालक गोपाळराव. मी साडेदहाला ऑफिसात जाणार आणि प्रेमिलाही त्याच सुमाराला शाळेत. तिला ही मास्तरकी किती वर्षं वाट बघून मिळाली, ते तुला सांगायला नको, त्या वर्षांत "अजून नाही का लागली?" हे तूच दर पत्रात विचारायचीस.

पहिल्या दिवशी दाराला कुलूप लावून गेलो. संध्याकाळी परतलो तर दारापुढे ही गर्दी. बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या, पुरुष टोप्या हातात घेऊन उभे, आणि गोपाळरावांचे एक व्याही थेट इतवारीतलं दुकान बंद करून आलेले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, "कवा नेता?" मला काही उमजेना. मग आतून जो आवाज आला, त्याने उमजलं. बाई, ते रडणं नव्हतं, तो विलाप होता. आधी खालच्या सुरात सुरुवात, मग वर चढणं, मग एक लांब हेल, मग दाराला नखं. सकाळपासून हे चाललेलं. माणूस गेलेल्या घरातही इतकं मनापासून कोणी रडत नाही, असं पार्वतीबाईंनी नंतर कबूल केलं. धोंडबाने माग बंद ठेवला होता, दुखवट्याचा म्हणून.

कोणी मेलं नाही हे कळल्यावर लोकांना आनंद व्हायला हवा होता. झाला राग. गोपाळरावांनी सगळ्यांदेखत बजावलं, "बाबू, दसऱ्यापर्यंत कुत्रं तरी गप करा, नाही तं खोली तरी खाली करा." आणि तिथेच ओसरीवर, जमलेल्या लोकांचं काही तरी व्हावं म्हणून असेल, सभा भरली. एकूण एक माणसाचं एकच मत पडलं, आणि तुझ्या मताशी ते इतकं जुळतं की आता मला वाटतं तूच त्यांना पत्रं टाकली असशील. पार्वतीबाई म्हणाल्या, "बाईमाणूस घरी रायलं तं कुत्रंबी गुमान रायते." मला नोकरी सोडायला कोणीच सुचवलं नाही. (मीही सुचवलं नाही. मी मान हलवत होतो, पण कोणत्या दिशेने ते कळू नये अशा बेताने.) प्रेमिलाने सगळं ऐकून घेतलं, शाळेची पिशवी खुंटीला लावली आणि विचारलं, "कुत्रं साहेबाचं, आणलं यायनं, अन् नोकरी मी सोडू? काहून?" हा 'काहून' ऐकून सभा चहालाही थांबली नाही.

मग उपाय सुरू झाले. पहिला माझा. ट्रान्झिस्टर लावून जायचा, म्हणजे घरात माणसं आहेत असं कुत्र्याला वाटेल. गाण्यांपर्यंत ठीक चाललं. पण बातम्या लागल्या की प्रिन्स पहिल्या मथळ्याला मान वर करायचा आणि दुसऱ्याला सूर लावायचा. यात त्याची समज दिसते असं माझं खाजगी मत आहे. मी सरकारी नोकर असल्यामुळे हे वाक्य वाचून झाल्यावर खोडून टाकावं. दुसरा उपायही माझाच. माझा जुना सदरा त्याच्याजवळ ठेवायचा, म्हणजे मालकाचा वास राहील. त्याने तो सदरा तोंडात धरून मोरीत नेऊन टाकला, आणि प्रेमिलाचं लुगडं दांडीवरून ओढून त्यावर झोपला. तिसरा उपाय दत्तोपंतांनी सांगितला, की निघायच्या आधी पोटभर मटण घाला, सुस्तावून झोपेल. आता आपल्या घरचं मटण म्हणजे त्यावर तेलाची बोटभर तर्री. बंगल्यावर दूधपाव खाऊन वाढलेला जीव तो. त्याने अर्धी बादली पाणी संपवलं, आणि त्या दिवशीच्या रडण्यात विरहाचा भाग कमी असावा.

शेवटी प्रेमिला त्याला घेऊन सीताबर्डीपलीकडे जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. मीही गेलो, साखळी धरायला. डॉक्टर म्हणाले, त्याला तुमचं जाणं सहन होत नाही, कारण तुम्ही जाण्याचा सोहळा करता. आणि बाई, ते खरं होतं. मी निघताना त्याच्या गळ्यात पडायचो, "येतो हं राजा, रडू नको," असं पाच-पाचदा म्हणायचो, कोपऱ्यावरून वळून बघायचो आणि शिवाय खिडकीतून एकदा डोकावायचो. त्याने काय समजावं? डॉक्टर म्हणाले, जाताना निरोप नाही, आल्यावर लाड नाही. बूट घाला आणि घरातच बसा. डबा उचला आणि परत ठेवा. बाहेर जा, लगेच आत या. मग जरा जास्त वेळ जा. तो रडायच्या आत परत या, म्हणजे जाणारा माणूस परत येतो एवढं त्याला कळेल.

हे ऐकायला सोपं आहे. करायला लागल्यावर तांडापेठेत राहणं कठीण झालं. रविवारी सकाळी मी बूट चढवून, डबा घेऊन निघायचो, चार घरं जाऊन परत यायचो, बसायचो, पुन्हा निघायचो. गल्लीतले लोक दातून तोंडात धरून बघत बसायचे. धोंडबाने विचारलं, "काहून गा जागेश्वर, काई इसरला का?" मी म्हटलं, नाही, कुत्र्याला शिकवून राहिलो. तो म्हणाला, "कुत्रं तं आत झोपलं हाये, तूच फिरून राह्यला." पार्वतीबाईंना तर वेगळीच शंका आली. त्यांनी प्रेमिलाला नळावर गाठून दबक्या आवाजात विचारलं, "घरात घेऊन नाही राह्यली का वं त्याले? भांडण झालं का?" दुपारपर्यंत ही बातमी गोपाळरावांकडे आणि संध्याकाळपर्यंत आमच्या ऑफिसात पोचली. दत्तोपंतांनी मला बाजूला घेऊन समजूत घातली, की बायकोपुढे वाकण्यात कमीपणा नसतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली नव्हती, ती प्रेमिलाने काढली. नारळाच्या करवंटीत भाकरी-गुळाचा काला गच्च ठासायचा आणि निघताना, काही न बोलता, तो त्याच्यापुढे ठेवायचा. एरवी त्याला तो मिळायचा नाही. प्रिन्सला जिभेने तो काला काढता काढता इतका वेळ लागायचा की आपण एकटे आहोत हे त्याच्या ध्यानात यायला दुपार व्हायची, आणि दुपारी झोप यायची. हळूहळू असं झालं की प्रेमिलाने करवंटी हातात घेतली की हा शेपूट हलवत दाराकडे बघायचा, जणू म्हणायचा, निघा ना आता.

अडचण उरली ती माझी. मला राहवायचं नाही. काल गप होता, आज काय झालं असेल, असं मनात आलं की मी दुपारी सायकल काढून घरी यायचो आणि खिडकीतून बघायचो. मला बघितलं की झोपलेला प्रिन्स उठायचा आणि मी गेलो की रडायचा. हे दसऱ्याच्या तोंडावर चाललं होतं आणि प्रेमिलाला कळेना की सगळं बरोबर करूनही दुपारी हा रडतो का. एक दिवस शाळा लवकर सुटली. तिने मला खिडकीच्या गजांना धरून "राजा, मी आहे हं" म्हणताना पकडलं. गल्लीच्या मधोमध. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या पायी मी नोकरी सोडली असती." तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्या दिवसापासून दुपारी घरी आलो नाही. प्रिन्सही रडला नाही.

दसरा झाला. गोपाळराव सोनं द्यायला आले तेव्हा प्रिन्स त्यांच्या पायाशी जाऊन बसला आणि त्यांनी खोलीचा विषय काढला नाही. आता गंमत बघ. आवाज बंद झाला तर पार्वतीबाईंना करमेना. "आज काई ऐकूच नाही आलं, बरा हाये ना?" म्हणून त्या खिडकीतून बिस्किट टाकायला लागल्या, त्यांना प्रेमिलाने डॉक्टरांच्या नावाने दम दिला तेव्हा थांबल्या. गोपाळराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्याकडे इंजिनेरसाहेबाचं कुत्रं भाड्याने राहते. आणि बाईमाणूस घरी राहिल्याशिवाय कुत्रं गप राहत नाही, असं जे ओसरीवर म्हणाले होते त्यांतला एकही जण आता सापडत नाही. सगळे म्हणतात, आम्ही पहिल्यापासूनच सांगत होतो.

तेव्हा बाई, तुझ्या सल्ल्याबद्दल मी आणि प्रेमिला (विशेषतः मी) आभारी आहोत, पण आता त्याची गरज उरलेली नाही. या कुत्र्याने मला जो ताप दिला तो वैऱ्यालाही होऊ नये, आणि तो कधी एकदा धन्याकडे परत जाईल असं मला झालं आहे. भाऊजींना दंडवत, म्हशीला चारा, आणि तुला पुन्हा एकदा नमस्कार, कान सांभाळून.

तुझा,
जागेश्वर

ता. क. मोठे साहेब येत्या शनिवारी नागपूरला येत आहेत. त्यांना मुंबईत खालच्या मजल्यावर, अंगणाचं घर मिळालं आहे आणि ते प्रिन्सला न्यायचं म्हणतात, असं दत्तोपंतांनी सांगितलं. बाई, तुझ्या पाया पडतो, प्रिन्सला आठवडाभर उमरेडला म्हशीच्या गोठ्यात लपवून ठेव. मी शुक्रवारी त्याला घेऊन येतो. साहेबांना मी सांगणार आहे की तो आजारी पडून गेला. गल्लीतले सगळे साक्षीला तयार आहेत. गोपाळरावांच्या व्याह्यांनी तर दुकान बंद करून यायचं आपणहून कबूल केलं आहे. प्रेमिलाला यातलं काही माहीत नाही. तिला खोटं चालत नाही.

ता. क. (प्रेमिलाच्या हातचा) ती. बाईंना सा. नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. गोठा झाडू नका. साहेबांच्या बाईसाहेब धरमपेठेत माहेरी आल्या आहेत. परवा शाळेतून परस्पर त्यांना भेटले आणि सरळ सांगितलं की कुत्रं आम्ही देणार नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, तुम्हीच ठेवा हो, पण मी असं म्हटलं हे साहेबांना सांगू नका. साहेबांना त्याच, दुसरं काही कारण काढून, पटवणार आहेत. तुम्ही संक्रांतीनंतर नक्की या. मला शाळा असते, तेव्हा दिवसा तुमच्या सोबतीला प्रिन्स राहील. यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. साहेबांना प्रिन्स गेल्याचं कसं सांगायचं याची आत आरशापुढे तालीम चालली आहे, आणि हे इतकं मनापासून रडून राहिले आहेत की प्रिन्स उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला आहे. शुक्रवारपर्यंत चालू देते.