हरीशची अंगठी

स्टुटगार्ट, १४ जून २००४

ती. आईस,
ऊर्मिलाचा नमस्कार. माझा खोकला गेला, काळजी करू नकोस. शिवांगी जेवते ना आता?

काल माझ्या कोलंबियन मैत्रिणीबरोबर, ग्लोरियाबरोबर, चर्चमध्ये सान अंतोनियोच्या उत्सवाला गेले होते. हा त्यांचा लग्नं जुळवणारा संत. त्याच्या झग्याला लोक नवसाचे दागिने टाचतात. तिथे आपल्या शिवांगीचा साखरपुडा मोडणारा हरीश दिसला, नव्या स्पॅनिश मैत्रिणीसोबत. बोटात तू दिलेली अंगठी तशीच.

मी ग्लोरियाला म्हटलं, याला अंगठी वाहायची आहे, पण लाजतोय. तिने ते माइकवरून सांगून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या मैत्रिणीने सगळ्यात जोरात. अंगठी निघेना, तेव्हा कुणीतरी साबण आणला. त्याचा चेहरा बघून मी दोन घास जास्त जेवले.

पाद्रीबाबांनी विचारलं, नवस कुणाच्या नावाने? हरीशने तोंड उघडायच्या आत मी शिवांगीचं नाव सांगितलं.

तेव्हा आता, हरीश परत यावा म्हणून तू पाण्यात ठेवलेला बाळकृष्ण आजच बाहेर काढ, आणि कोरडा पुसून देव्हाऱ्यात ठेव.

तुझी,
ऊर्मिला