शेवंतीच्या बल्बांमागचा तारा

प्रिय पंजाबराव, आणि हे पत्र मोठ्यानं वाचलं जाणार हे ठाऊक असल्यामुळे, अकोल्याच्या जठारपेठेतल्या तमाम वऱ्हाडी बंधुभगिनींनो,

तिवशाहून भाऊजींचा नमस्कार. रक्तदाब उतरला का? (माझा चढलाय, कारण पुढे येईलच.) वरूड-मोर्शीनं संत्री पिकवायची आणि जगानं ती नागपूरची म्हणून सोलायची, हे दुःख आपणा सर्वांचं आहे. तीच लूट आता आकाशात होऊ घातली आहे, आणि या वेळी लुटारूंना उजेड दाखवणारे तुम्ही आहात!

माझा नंबर तुम्ही परवा ब्लॉक केलात, म्हणून हे पत्र पहिल्या एसटीच्या कंडक्टरहाती. रविवारी संध्याकाळी वीज गेली, तेव्हा शेतातल्या घराच्या गच्चीवरून मी दुर्बिणीनं पश्चिमेकडच्या एका दीर्घिकेचा फोटो घेतला. दिवाळीतल्या फोटोत नसलेला एक ठिपका मला त्यात सापडला. कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचा उजेड तिवशात उतरला, पंजाबराव! पण एका फोटोवर जग विश्वास ठेवत नाही (कॅमेऱ्यावरची धूळही ताऱ्यासारखीच दिसते). ठिपका त्याच जागी पुन्हा दिसला, तरच शोध म्हणून कळवता येतो. तोवर परदेशातल्या एखाद्या स्वयंचलित दुर्बिणीनं कळवलं, की नाव तिचं. उद्यापासून आठवडाभर ढग सांगितलेत. उरली फक्त आजची संध्याकाळ.

आणि माझ्या पश्चिमेला काय? तुमचं शेवंतीचं वावर! कळी लवकर धरू नये, आधी झाड वाढावं, म्हणून दिवस मावळताच पेटणारे दीडशे बल्ब! ते लावा, असं फूलउत्पादकांच्या मेळाव्यात टेबलावर मूठ आपटून मीच सांगितलं होतं, हे मान्य. (ग्लास फुटला होता.) तुम्ही फोनवर म्हणालात, "भाऊजी, तुमचंच भाषण आयकून बल्ब लावले, आता तुमच्याच चांदनीसाठी बुजवू का?" मी पुन्हा भाषणच सुरू केलं, आणि तुम्ही मला ब्लॉक केलंत.

काल मग उजेड अडवायला कुंपणावर ताडपत्री बांधू लागलो, तर वाऱ्यानं ती मला घेऊनच तुमच्या वाफ्यात टाकली. तुमचे राखणदार खुशालराव काठी घेऊन धावले. "कोन हाय बे? अरे, सर! तुमी काहून फुलात लोळून राह्यले?" मी विश्वाच्या अफाट पसाऱ्याविषयी बोलू लागलो. ते म्हणाले, "ते सारं खरं, पन पाय काढा. सात झाडं मोडले." बल्ब बंद करा म्हटलं, तर त्यांनी हात जोडले: पेटीला कुलूप, आणि बटण तुमच्या मोबाइलवर, अकोल्यात! तारा इथे, अंधार तुमच्या खिशात!

सात झाडांबद्दल क्षमस्व.

तुमचा,
किशोर

ता. क. वर 'मला सापडला' लिहिलं, ते खोटं आहे. ठिपका तुमच्या ताईनं पाहिला. फुलं पिकवणाऱ्यांच्या घरची लेक, ज्योत्स्नानं दोन्ही फोटोंवर नजर फिरवली आणि म्हणाली, "याच्यात एक कळी जास्त हाय." मी दोन दिवस तिला धूळ, धूळ म्हणून हसलो.

आणखी एक. शोध तिच्याच नावानं कळवणार आहे. पण ती तुम्हाला फोन करायला तयार नाही. म्हणते, "भावाचं पीक बिघडवून मले नाव नाही पायजे." पीक बिघडत नाही, मी विचारून घेतलंय, बल्बांना रात्री अर्धा तास पुढे वाढवून द्या, झालं. तिला न सांगता हे लिहितोय. माझा नंबर हवा तर जन्मभर ब्लॉक ठेवा, पण आज बरोबर साडेसातला बल्ब बंद करा आणि आठला लावा.