मागल्या अंगणातली बाळंतीण

एडिसन, २८ सप्टेंबर २०२५

ती. रेखाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून ई-मेल. हिमानीची हळद १२ तारखेला मागच्या अंगणात आहे. मांडवाची जागा साफ कर, असं वीणाने फर्मावलं. झाडाखालच्या खळग्यातला ओंडका उलटला, तर खाली बोटाएवढा काळा प्राणी, अंगावर राखाडी आडवे पट्टे, आणि त्याच्या वेटोळ्यात अंडी. वीणा म्हणाली, पाल आहे, हाकल.

दिवसभर वाचून मी ठरवलं की पाल नाही. खवले नाहीत, नखं नाहीत, कातडी ओलसर. हा बेडकाच्या नात्यातला मार्बल्ड सॅलॅमँडर. नराचे पट्टे पांढरेशुभ्र असतात, तेव्हा ही मादी. ही कोरड्या खळग्यात अंडी घालते आणि पावसाने खळगा भरेपर्यंत राखत बसते. पाण्याशिवाय पिल्लं निघत नाहीत. मांडवाचा एक खांब नेमका तिथेच येतो. आमची नवरा-बायकोची चर्चा चालू आहे, म्हणजे वीणा बोलते आहे.

लोभ आहेच, तो रागावूनही कमी करू नये.
तुझा रवी

नागपूर, १ ऑक्टोबर

चि. रवीस, अनेक आशीर्वाद.

हॉल रिकामा होता म्हणून तुम्ही चातुर्मासात लग्न काढलंत, मी गप्प बसले. हळदीला पाऊस नको म्हणून मी गणपतीला एकवीस मोदकांचा नवस बोलले आहे, आणि तू तिकडे पावसाची वाट बघतोस. देवाने कुणाचं ऐकावं?

पण ती बिचारी इतके दिवस खाते काय? वीणाने जन्मभर हॉस्पिटलात बाळंतपणं केली, तिलाच विचार ना.

हिमानीला पापा. माया आहे तशीच राहू दे.
ताई

एडिसन, ६ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं बाळंतपणाचं वाक्य वीणाला वाचून दाखवलं, तिथेच घात झाला. तिने केस हातात घेतली. पाण्यासाठीच अडलं आहे ना, मग हळदीच्या आत मोकळी करू, म्हणून मी दुकानात गेलो असताना तिने बागेच्या पाइपने खळगा भरला. पाणी तासाभरात जिरलं. आपलं काम झालं असं समजून आई जंगलात निघून गेली. अंडी कोरडी आणि एकटी राहिली.

तेव्हापासून वीणा घडीची खुर्ची टाकून तिथे बसते, अंड्यांवर ओली पानं पसरते, ती खायला येणारे रॅकून हाकलते. म्हणते, अशी केस मी आजवर सोडली नाही. मला तिच्याकडे बघवत नाही. पाऊस लवकर आला नाही तर अंडी वाळतील, आणि हवामानखात्याने तो सांगितलाय थेट १२ तारखेला. हिमानी म्हणते, हळद गॅरेजमध्ये करू, पण मॉमला खुर्चीवरून उठवा. ताई, नवस फिरवता येतो का?

धाकट्यावर कृपा असू द्यावी.
रवी

एडिसन, १४ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न.

मोदक तेवढेच ठेवून तू मागणी बदलून आलीस, हे कळलं. पाऊस असा आला की शॉमबर्गहून आलेली नवरदेव नकुलची मंडळी गॅरेजमध्ये बर्फ उपसायच्या फावड्यांना टेकून उभी होती. वीणाने नवऱ्यामुलाची उष्टी हळद हिमानीला लावली आणि छत्री घेऊन नाहीशी झाली. खळगा काठोकाठ भरला होता. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी पिल्लं त्यात वळवळत होती.

परत येऊन तिने पिवळ्या हातांनी हिमानीला मिठी मारली आणि रडू लागली. मुलगी चालली, आईला भरून येणारच, असं म्हणून नकुलच्या आईनेही डोळे पुसले. मी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं. हिमानीने कानात विचारलं, पिल्लं निघाली का. वीणाने होकारार्थी मान हलवली आणि दोघी जास्तच रडल्या. मीही रडलो. माझं मात्र मुलीसाठी होतं.

आता घर रिकामं आहे, तेव्हा पत्र लांबलचक पाठव.
तुझा रवी