उजव्या हाताचा नियम

३ मे
आज जेवताना जाहीर केलं, नातीला फिजिक्स मीच शिकवणार. बारावीत ती बाकी सगळ्यांत पास, एका फिजिक्समध्ये राहिली. फेरपरीक्षा २६ तारखेला. पास झाली तर रेडिओग्राफीच्या कोर्सची जागा तिची, नाहीतर वर्ष गेलं. सूनबाई म्हणाली, "अहो आई, समोरच्या बिल्डिंगमधल्या सरांशी बोलून ठेवलंय मी." म्हटलं, घरात मी असताना सर कशाला? मुलगा म्हणाला, "आई, तुझं फिजिक्स होऊन पन्नास वर्षं झाली." म्हटलं, वीज तीच आहे. सगळे पुन्हा जेवायला लागले. पटलं असावं.
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी फिजिक्स सोडून साहित्य घेतलं होतं. ते कोणी विचारलं नाही.

४ मे, सकाळी ७
निश्चय: रोज तीन तास. आधी माझी तयारी, मग तिची.

दुपारी ४.३०
पुस्तक छातीवर घेऊन विचार करत होते. सूनबाई म्हणते, घोरत होते.

६ मे
पहिला धडा. ओहमचा नियम. घरातलंच उदाहरण दिलं. व्होल्टेज म्हणजे सूनबाईचा आग्रह, रेझिस्टन्स म्हणजे माझा मुलगा, आणि करंट म्हणजे प्रत्यक्षात होणारं काम. नात पोट धरून हसली. म्हणाली, "आजी, तू आधीच शिकवायला हवं होतंस." स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटलं. सूनबाईनं ऐकलं वाटतं.

७, ८ मे
शिकवणी नाही. आधी पाहुणे, मग माझे गुडघे.

९ मे
चुंबकत्व. इथं मला पुस्तकाची गरजच नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या लॅबमध्ये कागदावर लोखंडाचा कीस टाकून खालून चुंबक धरत. सिस्टर टिचकी मारायची आणि कीस रांगेनं उभा राहायचा, प्रार्थनेला आम्ही राहायचो तसा. मी मुळात डावखुरी. सिस्टरनंच पेन माझ्या उजव्या हातात दिलं, माझी मूठ आपल्या मुठीत घेतली आणि पहिली ओळ लिहून घेतली. तिच्या हाताला साबणाचा वास यायचा. तेव्हापासून अभ्यासाला बसले की पेन उजव्या हातातून सुटत नाही.
आजही तशीच बसले आणि उजव्या हाताचा नियम मोकळ्या हाताने छान दाखवला. अंगठा करंटच्या दिशेनं, बोटं वळतील तसं तारेभोवती चुंबकीय क्षेत्र. नातीच्याही एका हातात पेन. तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्यासारखाच वर केला. अगदी लहानपणीसारखी दिसली.
मग म्हणाली, पुस्तकातल्या चित्रात बोटं उलटी आहेत. सांगितलं, चित्र समोरून काढलंय, आरशात दिसतं तसं. शिक्षकाला उत्तर तयार ठेवावं लागतं.

१३ मे
प्रयोग. सेल, तार, खाली होकायंत्र. नातीनं नियम लावून सांगितलं, सुई पश्चिमेकडे वळणार. वळली पूर्वेकडे. तीनदा केलं, तीनदा पूर्वेकडे. म्हटलं, डबे-कढयांचं एवढं लोखंड आजूबाजूला, बिचारी सुई काय करणार! नात म्हणाली, "सरांना विचारू का?" मी म्हटलं, "विचार, पण मग मला विचारू नकोस." मला वाईट वाटलं असं तिला वाटलं. गालाचा पापा घेऊन म्हणाली, "नाही विचारत."

२५ मे, संध्याकाळी ६
होकायंत्र परत डब्यात ठेवत होते. सहज एकदा करून पाहिलं. नियम लावण्यासाठी हात वर केला, आज हातात पेन नव्हतं. वर आला तो उजवा. सुई माझ्या बोटांप्रमाणे वळली.
मग डावा हात धरून पाहिला. सुई बोटांच्या उलटी. शिकवताना पेन उजव्यात, म्हणजे मोकळा होता तो हाच.
नात आत शांतपणे उजळणी करते आहे. आता सांगितलं तर गडबडून जाईल. आत्मविश्वास महत्त्वाचा. सकाळी, ताज्या डोक्यानं सांगेन.

२६ मे, सकाळी ९
सांगायचं राहिलं. ती घाईत होती. दिशेवर प्रश्न येतीलच असं कुठे आहे?

दुपारी २
तीन प्रश्न आले.
नात दारातूनच हसत आली. म्हणाली, "आजी, गंमत ऐक. सगळ्या हॉलमध्ये अंगठे वर. सगळ्यांचे उजवे, माझ्या एकटीचा डावा." मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाली, "दोन मिनिटं घाबरले. मग म्हटलं, आजी चुकायची नाही."
पाणी प्यायले. संकल्प: निकालाआधी तिला सगळं सांगायचं.

१२ जून
अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ मिळत नाही. सूनबाई सारखी घरात असते.

१४ जून
निकाल लागला. पास व्हायला चार मार्क कमी पडले. दिशेच्या प्रश्नांचे सहा गेले होते.
मुलगा नातीवर असा कधी ओरडला नव्हता. "आजीनं या वयात जिवाचं रान केलं तुझ्यासाठी! तुला नीट ऐकायला काय झालं होतं?" नातीनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलेलं होतं. कधीपासून, देव जाणे. म्हणाली, "आजीनं बरोबरच शिकवलं होतं, बाबा. मीच हात बदलला."
मी तोंड उघडलं. आता बोलायचंच, असं नक्की ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच, "जाऊ दे रे, लहान आहे ती."
सगळ्यांना माझा मोठेपणा वाटला. सूनबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.
नात जवळ आली, हळूच म्हणाली, "सॉरी, आजी."
मी म्हटलं, असू दे.